व्हेंडर कोड म्हणजे ऑर्डर नव्हे : सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भागीदारीच्या बातम्या कशा वाचाव्यात

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री किंवा मशीन शॉप चालवणाऱ्या माणसाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मोठ्या वाहन कंपनीचा व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंदणी क्रमांक, मिळाला म्हणून काम मिळाले असे होत नाही. कोडनंतर ड्रॉइंग येते, पॅटर्न बनवावा लागतो, नमुन्याचे कास्टिंग तपासणीला जाते, ते पास झाले की पी.ओ., म्हणजे खरेदीचा लेखी आदेश, निघते, पी.ओ.नंतर महिन्याचे शेड्यूल येते आणि माल पोहोचल्यावर साठ-नव्वद दिवसांनी पैसे जमा होतात. यातल्या कोणत्याही टप्प्यावर काम अडू शकते हे ठाऊक असल्यामुळे तो नुसत्या व्हेंडर कोडाच्या पत्रावर नवी भट्टी घेत नाही. तोच माणूस रात्री मोबाइलवर ‘अमुक आयटी कंपनीची ओरॅकलशी भागीदारी’ अशी बातमी वाचतो आणि सकाळी सव्वानऊला बाजार उघडताच शेअर घेऊन मोकळा होतो, हे मी बेळगावात, खानापुरात, निपाणीत अनेकदा पाहिले आहे. जी सावधगिरी तो धंद्यात रोज बाळगतो, तीच शेअर घेताना कशी वापरावी, हे दाखवण्यासाठी हा लेख लिहिला आहे. यात आलेली कंपन्यांची नावे उदाहरणादाखल आहेत; त्यांचे शेअर घ्या किंवा विका असा सल्ला त्यात नाही.

पहिली पायरी : डेटाबेस बदलणे इतके अवघड का असते ते समजून घ्यावे

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका पतसंस्थेने सॉफ्टवेअर बदलले तेव्हा हिशेब जुळवण्याच्या कामावर मी होतो. शनिवारी संध्याकाळी व्यवहार बंद करून जुन्या प्रणालीतील सगळी खाती नव्या प्रणालीत न्यायची आणि सोमवारी सकाळी काउंटर उघडायचा, असे ठरले होते. जुन्या प्रणालीत सभासदांची नावे युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. ती नव्या डेटाबेसमध्ये, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उतरली तेव्हा पडद्यावर नावांऐवजी अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी दिसू लागल्या. पिग्मी एजंटांच्या हातातील यंत्रांमधल्या शेवटच्या दिवसाच्या नोंदी दुप्पट चढल्या. रविवारी रात्री जुन्या आणि नव्या तेरीज पत्रकांत फरक राहिला, आणि तो शोधण्यासाठी आम्ही किर्दीची छापील पाने जमिनीवर पसरून एकेक पिग्मी खाते पेन्सिलीने टिपत बसलो. काउंटर उघडायला बुधवार उजाडला. त्यानंतरच्या सभेत एका संचालकांनी जे सांगितले ते या सगळ्या उद्योगाचे मर्म आहे: सॉफ्टवेअर चांगले असो वा वाईट, आता दहा वर्षे याला कोणी हात लावायचा नाही.

एका पतसंस्थेची ही स्थिती असेल तर लाखो खाती असलेली बँक, विमा कंपनी किंवा दहा देशांत कारखाने असलेला उद्योग आपला डेटाबेस किती सहजपणे बदलेल, याचा अंदाज येतो. १९७७ साली सुरू झालेली अमेरिकी डेटाबेस कंपनी ओरॅकल आणि १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी जर्मनीत उभी केलेली, उद्योगांचा कारभार चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी सॅप या दोन कंपन्यांची ताकद इथे आहे. ओरॅकलच्या डेटाबेसचा परवाना एकदा घेतला की त्याच्या निव्वळ किमतीच्या सुमारे २२ टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी द्यावी लागते. आपण ज्याला एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, म्हणतो तेच हे, आणि ग्राहक सोडून जाण्याची शक्यता कमी असल्यामुळे हे उत्पन्न वर्षानुवर्षे येत राहते. बदल फसला तर काय होते याचीही उदाहरणे मोठी आहेत. लिडल या जर्मन किराणा साखळीने सॅपवर जाण्याचा प्रकल्प सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये सोडून दिला. म्हणून एंटरप्राइझ सॉफ्टवेअर, म्हणजे मोठ्या संस्थांसाठीच्या सॉफ्टवेअरच्या, क्षेत्रात दोन कंपन्यांची भागीदारी झाल्याची बातमी आली की आधी एवढेच विचारावे: या करारामुळे ग्राहकाला जुना डेटाबेस न सोडता पुढे जाता येणार आहे, की जुना सोडून नव्यावर यावे लागणार आहे? पहिल्या प्रकारचा करार लवकर फळतो. दुसऱ्या प्रकाराला वर्षे लागतात आणि वाटेत पुष्कळ गळती होते.

दुसरी पायरी : पैसा कोणाच्या वहीत जमा होतो ते शोधावे

त्या पतसंस्थेच्या बिलाचे तीन भाग होते. बँकिंग सॉफ्टवेअरचा परवाना एका कंपनीचा, त्याखाली चालणाऱ्या डेटाबेसचा परवाना दुसऱ्या कंपनीचा, आणि ते बसवून देऊन कर्मचाऱ्यांना शिकवण्याचे काम तिसऱ्याचे. तिघेही एकमेकांचे ‘भागीदार’ होते आणि तिघांचीही नावे एकाच माहितीपत्रकावर शेजारी शेजारी छापलेली होती. पण बसवून देणाऱ्याला त्याच्या माणसांनी घातलेल्या दिवसांचे पैसे मिळाले आणि ते तिथेच संपले, तर डेटाबेसवाल्याचे बिल दरवर्षी न चुकता येत राहिले.

शेअर बाजारातही हाच फरक आहे. भारतातील बहुतेक सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, आयटी कंपन्या ओरॅकल, सॅप, सेल्सफोर्स, स्नोफ्लेक अशा परदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भागीदार असतात त्या अंमलबजावणी करून देणाऱ्या म्हणून. परवान्याचा पैसा मूळ कंपनीकडे जातो आणि सेवा देणाऱ्या कंपनीला मनुष्यतासांचे पैसे मिळतात, ज्यातून पगार वजा जातो. अशा कंपनीचा फायदा भागीदारीच्या दर्जापेक्षा किती माणसे, किती दराने आणि किती काळ कामावर लागतील यावर ठरतो. याउलट इन्फोसिसचे फिनॅकल किंवा टीसीएसचे बँक्स (BaNCS) ही बँकिंग सॉफ्टवेअर त्यांची स्वतःची उत्पादने आहेत. ती विकली जातात तेव्हा परवान्याचा वाटाही घरातच राहतो, मात्र या कंपन्यांच्या एकूण उलाढालीत उत्पादनांपेक्षा सेवांचा भाग कितीतरी मोठा आहे.

एकाच भागीदारावर किती भिस्त आहे, हेही याच टप्प्यावर बघावे. पुण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीचे निकाल अभ्यासणारे लोक एकेकाळी आयबीएमकडून येणारे उत्पन्न वेगळे काढून बघत असत, कारण ते एका तिमाहीत वर आणि दुसऱ्या तिमाहीत खाली जाई. पुढे कंपनीने इतर ग्राहक आणि इतर भागीदार वाढवले, आणि मोठी वाढ त्यानंतरच्या काळातली आहे. भागीदार कधी मालकही होतो. सिटी समूहातून जन्मलेल्या आय-फ्लेक्स या भारतीय कंपनीचे फ्लेक्सक्यूब हे बँकिंग सॉफ्टवेअर नावाजलेले होते; २००५ मध्ये ओरॅकलने सिटीकडचा हिस्सा विकत घेतला आणि २००८ पासून ती कंपनी ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर या नावाने आपल्या बाजारात आहे.

तिसरी पायरी : बातमी बाजूला ठेवून कंपनीचे मूळ पत्र वाचावे

सूचिबद्ध कंपनीला महत्त्वाची घटना शेअर बाजाराला कळवावी लागते. सेबी या बाजार नियामक संस्थेच्या २०१५ च्या सूचिबद्धता नियमांतील ३० व्या नियमानुसार ही माहिती घटनेच्या स्वरूपाप्रमाणे साधारणपणे १२ किंवा २४ तासांत द्यायची असते. अनेक घटनांच्या बाबतीत ती ‘महत्त्वाची’ आहे का, हे उलाढालीच्या २ टक्के, नक्त मालमत्तेच्या २ टक्के आणि तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के यांपैकी जी रक्कम सर्वांत कमी असेल तिच्याशी ताडून ठरवतात. एनएसई आणि बीएसई या दोन्ही शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कंपनीचे नाव टाकून ‘अनाउन्समेंट्स’ या भागात गेले की ही पत्रे फुकट वाचता येतात. पत्र इंग्रजीत असते, पण घाबरण्याचे कारण नाही. त्यात चार-पाच गोष्टीच शोधायच्या असतात.

पत्राचे शीर्षक नुसते ‘प्रेस रिलीज’ आहे का? त्यात रकमेचा आकडा आहे का? मुदत लिहिली आहे का? ‘मेमोरँडम ऑफ अंडरस्टँडिंग’, म्हणजे सामंजस्य करार, असे शब्द आहेत, की अंतिम करारावर सह्या झाल्या आहेत? ‘नॉन-बाइंडिंग’ हा शब्द कुठे दडलेला आहे का? रक्कम नाही, मुदत नाही, आणि ‘धोरणात्मक सहकार्य’, ‘नवे पर्व’ अशी भाषा भरपूर आहे, असे असेल तर तो व्हेंडर कोड आहे असे समजून पत्र मिटवावे.

एकाच दिवसाच्या दोन घोषणा शेजारी ठेवल्या की हा फरक ठसठशीत दिसतो. १४ सप्टेंबर २०२३ रोजी इन्फोसिसने कळवले की एका जागतिक कंपनीशी, जिचे नाव दिले नव्हते, सामंजस्य करार झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेशी संबंधित कामांवर १५ वर्षांत १५० कोटी डॉलर खर्च अपेक्षित आहे, आणि हे सर्व पुढे मुख्य करार होण्यावर अवलंबून आहे. २३ डिसेंबर २०२३ रोजी इन्फोसिसनेच कळवले की त्या कंपनीने सामंजस्य करार संपवला असून मुख्य करार होणार नाही. शंभर दिवसांत विषय मिटला. पहिले पत्र ज्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले होते त्यांना धक्का बसायचे कारण नव्हते, कारण ती अट तिथेच लिहिलेली होती.

त्याच १४ सप्टेंबरला ओरॅकलचे लॅरी एलिसन आणि मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी एकत्र येऊन जाहीर केले की ओरॅकलची डेटाबेस यंत्रे मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांच्या, डेटा सेंटरमध्येच बसवली जातील. बँकांना आणि मोठ्या उद्योगांना बाकीचे काम अझूरवर न्यायचे होते, पण ओरॅकलचा डेटाबेस सोडवत नव्हता. या करारामुळे ती अडचण दूर झाली. जून २०२४ मध्ये असाच करार गुगल क्लाउडशी आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनशी झाला. दुसऱ्या कंपन्या आपणहून त्याच वाटेने आल्या, हा करार खरा असल्याचा मला वाटणारा सर्वांत भक्कम पुरावा आहे. आणि तरीही त्या घोषणेच्या दोनच दिवस आधी तिमाही निकाल न आवडल्यामुळे ओरॅकलचा शेअर जोरात पडला होता. चांगल्या कराराचा परिणाम भावात दिसायला बराच काळ जावा लागला.

सह्या झालेला करारसुद्धा मध्येच तुटू शकतो. टीसीएसने २०१८ मध्ये ट्रान्सअमेरिका या अमेरिकी विमा कंपनीशी दहा वर्षांचा, २०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार केला होता. तो दोघांच्या संमतीने २०२३ मध्ये संपला.

चौथी पायरी : भागाकार करावा

हे काम दोन मिनिटांचे आहे आणि नवे गुंतवणूकदार नेमके हेच टाळतात. कराराच्या एकूण रकमेला वर्षांनी भागावे, आणि आलेल्या आकड्याची कंपनीच्या वार्षिक उलाढालीशी तुलना करावी. वरचेच उदाहरण घेऊ. १५० कोटी डॉलर भागिले १५ वर्षे म्हणजे वर्षाला १० कोटी डॉलर. मार्च २०२३ अखेरच्या वर्षात इन्फोसिसची उलाढाल सुमारे १,८२० कोटी डॉलर होती. म्हणजे तो करार पूर्णपणे फळला असता तरी उलाढालीत शेकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास भर पडली असती, आणि त्यातला नफा त्याहून कमी. ‘१५० कोटी डॉलर’ हा मथळा आणि ‘अर्धा टक्का’ हा हिशेब, दोन्ही खरेच आहेत, पण भाव ठरवताना दुसरा उपयोगी पडतो. हाच करार लहान कंपनीला मिळाला असता तर भागाकाराचे उत्तर पूर्णपणे वेगळे आले असते. म्हणून आकडा मोठा की लहान, हे कंपनी बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

रुपयांतील एक ‘कोटी’ आणि डॉलरमधील एक ‘कोटी’ यांत गफलत करू नये. मी ही चूक स्वतः केली आहे, आणि ती पकडली जाईपर्यंत एका शेअरबद्दल माझे मत फारच चांगले होते.

पाचवी पायरी : ग्राहकाला आत्ताच खर्च करणे भाग आहे का, ते बघावे

भागीदारी कितीही चांगली असली तरी ग्राहकाने निर्णय पुढे ढकलला तर ऑर्डर येत नाही. तारीख डोक्यावर असेल तर मात्र निर्णय होतात. सॅपने आपल्या जुन्या ईसीसी प्रणालीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबवण्याचे जाहीर केले आहे. जादा पैसे देणाऱ्यांना २०३० पर्यंत मुदत आहे. त्यामुळे जगभरच्या हजारो उद्योगांना नव्या एस-फोर हाना प्रणालीवर जावे लागते आहे, आणि ते काम करून देणाऱ्या सेवा कंपन्यांकडे कामाचा ओघ का आहे याचे हे साधे, तारखेसह दिसणारे कारण आहे. मात्र २०२७ नंतर आणि २०३० नंतर हा ओघ कशावर टिकणार, हा प्रश्न आजच्या भावात शेअर घेणाऱ्याने विचारायलाच हवा. ऊस गाळप हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते म्हणून बारा महिने तशीच रांग असेल असे कोणी चिकोडीत धरून चालत नाही.

सहावी पायरी : मोठ्या ऑर्डर बुकामागे किती ग्राहक आहेत आणि किती कर्ज आहे ते तपासावे

ही पायरी मी जाणूनबुजून विस्ताराने मांडतो आहे, कारण अलीकडच्या काळात सर्वाधिक नुकसान इथे झालेले मी पाहिले. अमेरिकी कंपन्यांच्या निकालांत आरपीओ नावाचा आकडा असतो. करार झाले आहेत, पण काम अजून व्हायचे आहे, अशा रकमेची ती बेरीज असते. आपल्या भाषेत हातातल्या ऑर्डरी. सप्टेंबर २०२५ मध्ये ओरॅकलने हा आकडा ४५,५०० कोटी डॉलर सांगितला. मे २०२५ अखेरच्या वर्षात कंपनीची एकूण उलाढाल सुमारे ५,७४० कोटी डॉलर होती, म्हणजे हातात जवळपास आठ वर्षांचे काम. १० सप्टेंबर २०२५ रोजी शेअर एका दिवसात सुमारे ३६ टक्के वाढला.

त्यानंतर लोकांनी तपशील बघायला सुरुवात केली. या वाढीचा फार मोठा भाग चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या एकाच ग्राहकाकडून येणार होता, ज्याला स्वतःचा खर्च भागवण्यासाठी बाहेरून पैसा उभारावा लागतो. शिवाय ते काम करण्यासाठी ओरॅकलला आधी डेटा सेंटर उभारायची होती, यंत्रे घ्यायची होती आणि त्यासाठी कर्ज काढायचे होते. वर्षाच्या भांडवली खर्चाचा अंदाज ३,५०० कोटी डॉलरवरून डिसेंबरमध्ये सुमारे ५,००० कोटी डॉलरवर गेला. वर्षअखेरपर्यंत सप्टेंबरमधली ती सगळी वाढ ओसरली आणि भाव त्याच्याही खाली आला.

फाउंड्रीवाल्याला हे चित्र परके नाही. एकाच गिऱ्हाइकाने आठ वर्षांचे शेड्यूल दिले, त्यासाठी कर्ज काढून नवी इंडक्शन फर्नेस बसवली, आणि गिऱ्हाइकाची उचल कमी झाली तर हप्ता मात्र त्याच तारखेला कापला जातो. करार खोटा होता असे इथे कोणी म्हणत नाही. ऑर्डर आणि जमा झालेला पैसा यांच्यामध्ये किती खर्च, किती काळ आणि किती धोका आहे, एवढेच बाजाराने उशिरा मोजले. म्हणून आरपीओच्या किंवा भारतीय कंपन्यांच्या बाबतीत टीसीव्हीच्या, म्हणजे करारांच्या एकूण रकमेच्या, आकड्याशेजारी नेहमी तीन आकडे लिहावेत: पुढच्या बारा महिन्यांत त्यातले किती उत्पन्न होणार, सर्वांत मोठ्या ग्राहकाचा वाटा किती, आणि कर्ज किती वाढले.

भागीदार हाच प्रतिस्पर्धी असण्याची शक्यता या क्षेत्रात नेहमी असते. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीची सेवा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर चालत असतानाच जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने तिच्याशी जुळणारी स्वतःची डॉक्युमेंटडीबी सेवा आणली आणि मोंगोडीबीचा शेअर घसरला. दोघांचे सहकार्य त्यानंतरही चालू राहिले, वाढलेही.

सातवी पायरी : घरातून कळलेली बातमी आणि परदेशी शेअर

आपल्या भागातील घराघरांतली मुले पुण्यात आणि बंगळुरूत आयटी कंपन्यांत आहेत. सुट्टीला आलेला मुलगा जेवताना सहज सांगतो की आमच्या कंपनीला मोठा प्रोजेक्ट मिळतो आहे. बाजारात जाहीर न झालेल्या अशा माहितीवर शेअर घेणे सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार गुन्हा ठरू शकतो, आणि त्यात माहिती देणारा मुलगाही अडकतो. ते बोलणे ताटापुरतेच ठेवावे आणि पत्र बाजारात येईपर्यंत त्या शेअरला हात लावू नये.

मूळ ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट, सॅप यांचे शेअर एनएसई किंवा बीएसईवर मिळत नाहीत. ते थेट घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून पैसे पाठवावे लागतात, ज्याची मर्यादा आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर आहे. असा एक शेअर जरी घेतला तरी आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात त्याची नोंद करावी लागते. हे विसरणारे बरेच आहेत आणि दंडाची तरतूद जबर आहे. आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला आधी विचारून मगच या वाटेला जावे. सल्ला देणारा कोणीही असो, त्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागावा आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून बघावा.

आठवी पायरी : वही घालावी

खतावणीसारखी एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक भागीदारीला एक पान द्यावे. वर तारीख आणि दोन्ही कंपन्यांची नावे लिहावीत. त्याखाली करार कोणत्या टप्प्यावर आहे ते आपल्याच शब्दांत लिहावे: कोड, नमुना, पी.ओ., शेड्यूल की पैसे. मग भागाकाराचे उत्तर, सर्वांत मोठ्या ग्राहकाचा वाटा आणि घोषणेच्या दिवशीचा भाव. पानाचा उरलेला भाग कोरा सोडून त्यावर पुढच्या चार तिमाही निकालांच्या अंदाजे तारखा टाकाव्यात; आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांचे निकाल साधारणपणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत येऊन जातात. त्या प्रत्येक तारखेला व्यवस्थापनाच्या निवेदनात या भागीदारीचा उल्लेख आला का, आणि आला तर आकड्यासह आला का, एवढेच नोंदवावे. माझ्या वहीत पहिली जी पाने भरली, त्यांतील निम्म्याहून अधिक भागीदाऱ्यांचा दुसऱ्या तिमाहीनंतर कोणीही उल्लेख केलेला नाही, आणि त्या पानांवर ‘कोड’ या शब्दापुढे अजून काही लिहायला मिळालेले नाही.